बिनदाताचा गळ

धनाजी हवालदाराच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, हा कुंडलातल्या त्या घराचा कायदा होता. बायकोच्या पाटल्या बिनकुलपाच्या कपाटात, आणि मासे धरायच्या गळांचा डबा मात्र पलटणीतून आणलेल्या काळ्या ट्रंकेत, कुलपाआड. असला माणूस! शनिवारी दुपारचं जेवण उरकलं की गडी सोप्यात सतरंजी पसरायचा, डबा उघडायचा आणि एकेक जिन्नस मांडायचा. जणू आता कर्नलसाहेब तपासणीला येणार आहेत! एका कप्प्यात रबरी बेडूक. हिरवे वेगळे, काळे वेगळे, पिवळ्या पोटाचे वेगळे. दुसऱ्यात चमचे, म्हणजे पाण्यात लकाकणारी पत्र्याची पानं. शिशाच्या गोळ्या वजनाच्या क्रमानं. दोरीला पीळ पडू नये म्हणून लावायच्या पितळी फिरक्या. आणि मधल्या मोठ्या कप्प्यात गळ, लहान-मोठे क्रमानं, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला.

"आवं, पोरीच्या रुखवताला बी एवढं मांडलं नव्हतं आपण," हरणाबाई म्हणायची.

"रुखवत एकदा मांडायचं असतंय. नदीवर दर आयतवारी जायचं असतंय," धनाजी उत्तर द्यायचा.

धनगराचं घर. जतकडच्या माळावर मेंढरांमागं हिंडलेल्या पिढ्या. त्यांच्यात माशाचा नाद कुणाला ठाऊक नव्हता. धनाजीला तो लागला पलटणीत, आसामातल्या एका नदीकाठी. पेन्शन घेऊन घरी आला तरी सुटला नाही. हरणाबाईनं मासा घरात घेतला नाही ते नाहीच. परसात वेगळी चूल, वेगळं भगुणं, आणि हवालदारानं आपलं आपण रांधून खायचं. पण नदीला मात्र तिनं कधी आडकाठी केली नाही. काठी घेऊन निघालेल्या माणसाला कुठं चाललाय म्हणून विचारायचं नसतं, हेसुद्धा ती शिकली होती. नुसतं "या जाऊन" म्हणायची.

तर त्या शनिवारी धनाजी सतरंजीवर बसला होता तो घुश्शातच. ओळीनं तीन रविवार मरळ हातातून गेली होती. मरळ म्हणजे काळी, दांडगी, सापाच्या तोंडाची. तिला कणीक न् गांडूळ चालत नाही, हलतं-पळतं लागतं. रबरी बेडूक पाण्यावरून टुणटुण ओढत आणला की ती खालून असा दणका देते की छातीत धस्स होतं. तसे दणके तिन्ही रविवारी बसले. काठी वाकली, रीळ करकरलं, आणि काठाशी येता येता दोरी एकदम हलकी. बेडूक परत यायचा, मरळ नाही.

एरवी मांडामांडीला तो चष्मा लावत नसे. आज चढवला आणि एक गळ उचलून उजेडात धरला. मग दुसरा. मग कप्पाच सतरंजीवर पालथा केला.

गळाच्या टोकाच्या आत एक उलटा दात असतो. टोक शिरतं आणि हा दात माघारी येऊ देत नाही. सगळी करामत त्या दाताची. धनाजीच्या एकाही गळाला तो दात शिल्लक नव्हता. टोकं जशीच्या तशी धारदार, आणि दात आत दाबून सपाट केलेले. बेडकांच्या पोटाखालच्या जोड-गळांचेसुद्धा!

"आयला," धनाजी एवढंच म्हणाला.

पहिला संशय गेला सांगलीच्या दुकानदारावर. त्या रविवारी तो नदीवर गेलाच नाही, आणि सोमवारी सकाळीच मोटरसायकल काढून तो दादासोच्या दुकानात जाऊन उभा राहिला आणि मूठभर गळ काचेवर ओतले.

"बनावट माल खपवतोस व्हय रं, ते बी फौजी माणसाला?"

दादासो बिचारा घाबरला. त्यानं एक नवं पाकीट फोडून दाखवलं. दात जागच्या जागी, नखाला टोचणारा. मग हवालदाराचा गळ घेऊन घड्याळजीसारखं भिंग डोळ्याला लावलं.

"हवालदार, हे कारखान्यातलं न्हाई. कुणीतरी पक्कडीनं दाबलंय. हे बगा, पक्कडीच्या दातऱ्याचं वळ. आनि मधी एक वळ गाळलाय. पक्कडीचा एक दातरा मोडका आसनार."

धनाजीनं भिंगातून पाहिलं. मोडक्या दातऱ्याची पक्कड त्याला ठाऊक होती. ती बाळासोची.

आता हा बाळासो कोण, ते सांगायला हवं. माधवनगरचा. उभा जन्म यंत्रमागांवर फिटर म्हणून गेला. धाग्याला गाठ मारण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. धनाजी नुकताच पेन्शनीत आला होता तेव्हा आमणापूरच्या पुलावर एकटाच झगडत बसलेला. गाठ सुटायची, गळ पाण्यात जायचा, आणि हा तोंडानं पलटणीतल्या शिव्यांची उजळणी करायचा. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं शेवटी न राहवून त्याची दोरी हातात घेतली, विणकराची गाठ मारली, आणि पहिल्याच फेकीला मरळ लागली. तेव्हापासून दोघांचा रिवाज पडला. नदीवर गेलं की पहिला गळ आपण आपला बांधायचा नाही, याचा त्यानं बांधायचा आणि त्याचा यानं. एवढ्या वर्षांत तो मोडला नव्हता. धनाजीला सख्खा भाऊ नव्हता. होता तो हाच.

आणि हाच आपल्या गळांचे दात दाबतोय?

संशय एकदा घरात शिरला की माणसाला जुन्या गोष्टीसुद्धा नव्या दिसायला लागतात. धनाजीला आठवलं, गेले काही महिने बाळासो एकसारखं टोकतोय. "दोरी ढिली सोडू नगंस, गड्या. ताण ठेव." अरे, मरळीला ताण द्यायला ह्याला शिकवलं आपणच, आणि आता आपल्यालाच शहाणपण? आणि मासा गेला की बाळासोच्या तोंडावर वाईट वाटल्याची खूण नसते, उलट निवांत दिसतो. बरं, स्वतः बाळासोचे मासेसुद्धा हल्ली सुटत होते. तेसुद्धा सोंगच असणार! आपल्यावर कुणाचा वहीम येऊ नये म्हणून मुद्दाम सोडत असेल लेकाचा. धनाजीला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. जळत असेल का आपल्यावर? मागच्या वर्षी पुलावरची सगळ्यात मोठी मरळ आपण काढली होती. पण त्या मरळीबरोबर फोटो काढायला सगळ्यात पुढं हाच नाचत होता की!

पुरावा पाहिजे, हवालदार स्वतःशी म्हणाला. पुराव्याशिवाय माणसाला गुन्हेगार म्हणायचं नाही.

त्यानं दादासोकडून नवे गळ घेतले, एकेक दात नखानं तपासून. जुने सगळे बाजूला पुडीत बांधले. नवे डब्यात लावले, डबा ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली करगोट्याला. दुसरी किल्ली हरणाबाईच्या ज्वारीच्या डब्यात असायची, ती काय कुणाला ठाऊक नव्हती. शनिवारी सकाळी सैनिकांच्या कँटीनला म्हणून तो सांगलीला गेला आणि दुपारी परतला. चुलीजवळच्या ताटलीत बेदाणे. लांबट, हिरवट, मधाच्या वासाचे.

"बेदानं कुठनं आलं?"

"दारावर इकनारा आला हुता," हरणाबाई म्हणाली. पाठ फिरवून म्हणाली.

धनाजीनं एक बेदाणा तोंडात टाकला. असला माल दारावर कुणी विकत नाही. असला माल तासगावाहून येतो, बाळासोच्या सासुरवाडीच्या शेडमधून. दर साली तोच आणून देतो. हवालदार उठला. सोप्यात गेला, कुलूप काढलं, डबा उघडला. गळ ओळीत होते, तोंडं एकाच बाजूला, अगदी त्यानं लावले होते तसे. आणि दात सगळे सपाट!

खाली बसला तो. म्हणजे बाळासो येऊन गेला. म्हणजे हिनं किल्ली दिली. म्हणजे हे दोघं मिळून. क्षणभर मनात नको ते आलं आणि त्यानं स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली. छे! पण मग काय? ह्या दोघांचं आपल्या माघारी काय शिजतंय? भांड्यांच्या आवाजात हरणाबाई आत गुणगुणत होती. त्याला वाटलं, आत्ता जाऊन विचारावं. आणि ती खोटं बोलली तर? आत्ताच एकदा बोललीय. त्यानं विचारलं नाही. रात्री भाकरी गिळवेना, तर म्हणाला, पोटात बरं नाही.

रविवारी पुलावर नेहमीची मंडळी होती. बाळासो आधीच येऊन बसलेला. धनाजीला बघून त्यानं सवयीनं हात पुढं केला. "आन दोरी. पयला गळ बांधतो."

"आदी पक्कड दे तुजी."

बाळासोनं दिली. धनाजीनं टोपी काढून कठड्यावर उलटी ठेवली, तिच्यात दाबलेले गळ ओतले, आणि शेजारी पक्कड उघडी करून ठेवली. मोडका दातरा उन्हात दिसत होता. पलीकडं बसलेल्या, सदा मोबाईलवर फोटो काढणाऱ्या गुंडा नावाच्या गड्यानं आपली काठी खाली ठेवली आणि इकडं कान केले. बाकीचेही जवळ सरकले.

"ह्या गळांवरचा खाडा तुज्या पक्कडीचा हाय का न्हाई?"

"हाय."

"म्हंजी माजं गळ तू दाबलंस."

बाळासोनं नदीकडं पाहिलं. मग धनाजीच्या डाव्या हाताकडं पाहिलं. तिथं करंगळी अर्धीच होती. गेल्या दिवाळीनंतर त्या बोटात गळ घुसला होता आणि गड्याला पत्ताच नव्हता. शुगरनं बोटं बधिर झालेली. दिसल्यावर कुणाला हाक न मारता ह्या बहाद्दरानं तो उपसून काढला, दातासकट, मांसासकट. मग चिंधी बांधून आठवडाभर बोट लपवलं. शेवटी सांगलीच्या दवाखान्यात अर्धं बोट ठेवून यावं लागलं. धनाजी ते लढाईतल्या जखमेसारखं लोकांना दाखवायचा.

"व्हय," बाळासो म्हणाला. "दाबलं."

"का?"

बाळासो तोंड उघडणार असं वाटलं. पण त्यानं ओठ मिटले.

"आरं का दाबलंस ते सांग की! जळतुस व्हय माज्यावर? एका मरळीपायी? सख्खा भाऊ समजत हुतो रं तुला म्या!"

"सांगता येत न्हाई, धनाजी. तुज्या वाईटावर न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

"आजपासनं माजा पयला गळ माजा म्या बांधनार," धनाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चोराच्या हातचा नगं मला."

चोर हा शब्द पुलावर पडला आणि बाळासोचा चेहरा उतरला. त्यानं पक्कड उचलली, डबा काखोटीला मारला आणि सायकल ढकलत निघून गेला. धनाजीनं आपला गळ आपण बांधला. गाठ धड बसली नाही.

पुढच्या रविवारी तो एकटा आला. पुन्हा नवे गळ, कडक दातांचे, आणि ह्या खेपेला किल्ल्या दोन्ही खिशात. हरणाबाईशी बोलणं कामापुरतं. तीसुद्धा आठवडाभर तोंड बारीक करून वावरत होती आणि धनाजीनं ते अपराधाचं लक्षण धरलं होतं. पुलावरच्या लोकांची नजर नको म्हणून तो खाली, बाभळीच्या वळणाला जाऊन बसला. तिथं माणूस नाही, काणूस नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या फेकीला दोरी झुडपात अडकली. त्यानं ती सोडवली, बेडूक हातात घेऊन पुन्हा फेकायला काठी उचलली, तर हात काठीबरोबर ओढला गेला. बघतो तर रबरी बेडूक डाव्या हाताला चिकटलेला. अंगठ्याच्या मुळाशी गळ बाकापर्यंत आत. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलेलं.

दुखत नव्हतं. एवढा मोठा गळ मांसात, आणि मुंगी चावल्याइतकंही दुखत नव्हतं. धनाजी आयुष्यात पहिल्यांदा घाबरला. सीमेवर घाबरला नव्हता असा घाबरला. त्यानं हळूच ओढून पाहिलं. आत दात अडला आणि कातडी तंबूसारखी वर आली. अर्धी करंगळी समोरच होती. ह्या खेपेला अंगठा जाईल, मग काठी धरायची कशी, घास घ्यायचा कसा?

बाळासो, ये रं, असं त्याच्या तोंडातून निघून गेलं. ऐकायला कुणी नव्हतं.

पक्कडीनं त्यानं दोरी तोडली, हाताला टॉवेल गुंडाळला, डबा पिशवीत कोंबला आणि मोटरसायकलला लाथ मारली. वाटेत दवाखान्यांच्या पाट्या लागल्या. तो थांबला नाही. का, ते त्याला त्या वेळी सांगता आलं नसतं. हात आपोआप माधवनगरच्या रस्त्याला वळले.

बाळासो दारात बसून सायकलची चेन घासत होता. धनाजी समोर येऊन उभा राहिला आणि टॉवेल सोडला. बाळासोनं हात पाहिला आणि चेन टाकून उठला.

"बस. हात मांडीवर ठेव. हलवू नगंस."

त्यानं साबणानं आपले हात धुतले, जखमेवर औषध ओतलं. "डब्यातनं जाड धागा काढ," म्हणाला. धनाजीनं उजव्या हातानं कोनाड्यातला बाळासोचा डबा उघडला. धाग्याची रिळं कोपऱ्यात होती. पण त्याची नजर मधल्या कप्प्यावर गेली आणि तिथंच थांबली. बाळासोचे गळ. त्यानं एकावर नख फिरवलं. दुसऱ्यावर फिरवलं. एकालाही दात नव्हता.

"बाळासो. तुजं बी?"

"धागा दे आदी."

त्यानं धाग्याचा फास गळाच्या बाकात अडकवला, गळाचं मागचं टोक कातड्यावर दाबून धरलं, म्हणाला, "त्या भिताडाकडं बग," आणि झटका दिला. गळ टण्णकन उडून फरशीवर पडला. अंगठ्याला नुसतं एक भोक. मांस जागच्या जागी.

"हे कवा शिकलास?"

"तुजं बोट कापलं तवा. मोबाईलवर बगून. कोंबडीच्या तंगडीत गळ खुपसून खुपसून शिकलो. आमच्या हिनं आठवडाभर चिकन रांधायचं बंद केलं हुतं." बाळासो पट्टी बांधत होता. "तुजं गळ दाबलं आनि माजं सोडलं तर काय उपेग? तुजं चार गळ तुटलं की तू माज्याच डब्यात हात घालतुस."

म्हणजे ते सोंग नव्हतं. ह्याचे मासे खरेच सुटत होते, आणि हा महिनोन्‌महिने सोडत बसला होता. ताण ठेव, ताण ठेव म्हणून घसा कोरडा करत होता, की बिनदाताच्या गळालासुद्धा मित्राचा मासा टिकावा.

"मग सांगितलं का न्हाईस? चोर म्हनलं तुला म्या, समद्यांम्होरं. तवा तरी बोलायचं!"

"वैनीनं शपथ घातली हुती." बाळासो खाली बघत म्हणाला. "डाक्टरनी तिला सांगितलंय, बोटांतली जानीव आता माघारी येत न्हाई, नदी बंद करा. तिनं ते तुला सांगितलंच न्हाई. मला म्हनली, भावजी, पेन्शनीत आलं तवा ह्यो मानूस भिताडाकडं तोंड करून बसायचा. नदीवरनं आला की हसतुय. नदी ऱ्हाऊ द्या. गळांचं दात तेवढं दाबा."

धनाजीनं अंगठ्याच्या पट्टीवरून बोट फिरवलं. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही, आणि बाळासोनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग तो उठला, मोटरसायकलवरची पिशवी आणली आणि आपला डबा, ज्याला घरच्या माणसानंही हात लावायचा नाही तो डबा, बाळासोच्या मांडीवर उघडून ठेवला.

"काढ पक्कड. निम्मं तू दाब, निम्मं म्या दाबतो. आनि आयतवारी पुलावर, त्याच समद्यांम्होरं, माजा पयला गळ तू बांधायचास. नगं म्हनलास तर तितंच पाया पडंन."

"पाया बिया पडू नगंस," बाळासो म्हणाला. "गुंडा फोटू काढंल."

धनाजी घरी पोचला तेव्हा हरणाबाई दारातच होती. पट्टी बघून तिचा हात तोंडाकडं गेला.

"कुठं लागलं? कुनी बांधली?"

धनाजीनं चपला काढल्या, सोप्यात जाऊन डबा ट्रंकेत ठेवला. झाकण लावलं. मग खिशातून दोन्ही किल्ल्या काढल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या.

"ते बेदानं हाईत का गं शिल्लक?"

हरणाबाई किल्ल्यांकडं बघत राहिली. तिला कळलं. "हाईत," ती बारीक आवाजात म्हणाली.

"आन थोडं. लय ग्वाड हुतं." तो भिंतीला पाठ लावून बसला, तोंड तिच्याकडं करून. "आनि तो दारावर इकनारा पुन्यांदा आला, तर त्याला च्या देऊनच लावून दे. लांबनं येतंय बिचारं."

ती आत गेली ती पदरानं डोळे पुसतच. ट्रंकेला त्या दिवशी कुलूप लागलं नाही, आणि पुढंही नाही.